सेमाडोहला मुक्काम केला, पण गाविलगड आणि नरनाळा एकाच दिवसात का होत नाहीत?

मोबाइलच्या नकाशावर सेमाडोह, चिखलदरा आणि नरनाळा जवळजवळ दिसतात. त्यामुळे अनेक जण तिन्ही ठिकाणं एका दिवसात बसवतात आणि दिवस घाटातच जातो. मुलांना गाडी लागते ते वेगळंच.

सेमाडोह परतवाडा-धारणी रस्त्यावर, सिपना नदीकाठी आहे. इथून सोयीचं चिखलदरा. बहुतेक पर्यटक भीमकुंड, पॉइंट आणि कॉफी आटोपून परततात. गाविलगड राहून जातो. खरं तर वेळ त्यालाच द्यायला हवा. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने किल्ल्याला वेढा दिला. दक्षिणेकडचा चढ फार अवघड. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने रस्ता नसलेल्या डोंगरातून तोफा ओढत उत्तरेची बाजू गाठली आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा सेनापती तो हाच. चिखलदऱ्याहून गडावर जाताना आपणही उत्तरेकडूनच जातो.

नरनाळा मात्र अकोला जिल्ह्यात, डोंगररांगेच्या दक्षिण अंगाला आहे. सेमाडोहहून तिथे जायचं तर परतवाड्याला उतरून, अकोटमार्गे पायथ्याचं शहानूर गाठावं लागतं. शिवाय महाकाली दरवाजावरचं कोरीवकाम धावतपळत बघण्यासारखं नाही. त्याला वेगळा दिवस ठेवा. अकोल्याहून येणाऱ्यांनी तो येतानाच पाहावा.

दोन्ही किल्ले मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात येतात. प्रवेशाच्या वेळा निघण्यापूर्वी वन विभागाकडून विचारून घ्या.