पोपची निवड: अडीचशे वर्षांत घडलेला कायदा

१०४५ साली रोममध्ये पोपपदाचा सौदा झाला. तस्कुलमच्या सरदार घराण्यातला नववा बेनेडिक्ट तेव्हा गादीवर होता. त्याच्या आधीचे दोन पोप त्याचे सख्खे काका. घराण्याच्या जोरावर तरुणपणीच त्याच्या हाती हे पद आले होते. रोमकरांनी त्याला हुसकावून तिसऱ्या सिल्व्हेस्टरला बसवले, तो पुन्हा परतला आणि अखेर मोठी रक्कम घेऊन त्याने पद आपल्या धर्मपित्याच्या हवाली केले. हा धर्मपिता, म्हणजे सहावा ग्रेगरी, सचोटीचा म्हणून ओळखला जाई. तरीही पैसे मोजल्याशिवाय त्यालाही गादी मिळाली नाही.

पुढच्याच वर्षी जर्मनीचा राजा तिसरा हेन्री इटलीत उतरला. डिसेंबर १०४६ मध्ये सूत्री येथे धर्मसभा भरवून त्याने हा गोंधळ निकालात काढला. बेनेडिक्ट, सिल्व्हेस्टर, ग्रेगरी असे तिघेही दावेदार दूर झाले आणि हेन्रीच्या पसंतीचा बाम्बर्गचा बिशप पोप झाला. रोगाला उतार पडला, पण औषध राजाच्या हातात राहिले. सरदारांच्या मुठीतून सुटलेली गादी आता सम्राटाच्या मुठीत होती. पुढच्या अडीचशे वर्षांत चर्चने याच प्रश्नाशी झुंज दिली: पोप निवडायचा कोणी आणि कसा? आज कॉन्क्लेव्ह, म्हणजे पोप निवडणारी बंद सभा, म्हटले की जे नियम डोळ्यांपुढे येतात, त्यांतला जवळजवळ प्रत्येक नियम त्या काळातल्या एखाद्या कटू अनुभवातून निघाला आहे.

सुधारकांची पिढी

हेन्रीनेच नेमलेला नववा लिओ १०४९ मध्ये रोमला आला, तो यात्रेकरूच्या वेशात. राजाची नेमणूक पुरेशी नाही, रोमचे धर्मगुरू आणि जनता यांनी निवडले तरच पद स्वीकारीन, अशी त्याची अट होती. त्याच वर्षी रॅंसच्या धर्मसभेत त्याने जमलेल्या बिशपांना जाहीरपणे विचारले, की तुम्ही पद विकत घेतलेले नाही ना? लिओभोवती हुंबर्ट, पीटर डेमियन, हिल्डेब्रांड असे कडवे सुधारक जमले. धर्मपदांची खरेदी-विक्री बंद व्हावी, धर्मगुरूंनी ब्रह्मचर्य पाळावे आणि चर्चच्या नेमणुकांत राजेरजवाड्यांनी हात घालू नये, हा त्यांचा आग्रह होता. पण शिखरावरचीच निवड दुसऱ्याच्या हातात असेल, तर खालची साफसफाई टिकणार कशी?

संधी संकटाच्या रूपानेच आली. १०५६ मध्ये हेन्री वारला, तेव्हा त्याचा मुलगा चौथा हेन्री पाच-सहा वर्षांचा होता. १०५८ मध्ये पोप नववा स्टीफन फ्लॉरेन्समध्ये मरण पावताच तस्कुलमच्या सरदारांनी घाईघाईने आपला माणूस, दहावा बेनेडिक्ट, गादीवर बसवला. ओस्तियाचा बिशप या नात्याने नव्या पोपला दीक्षा देण्याचा मान पीटर डेमियनकडे होता. त्याने साफ नकार दिला. सुधारक कार्डिनल, म्हणजे रोमच्या चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू, रोमबाहेर सिएनात जमले आणि त्यांनी फ्लॉरेन्सच्या बिशपला निवडले. तोच दुसरा निकोलस.

एप्रिल १०५९ मध्ये निकोलसने रोमच्या लॅटरन प्रासादात धर्मसभा घेऊन निवडणुकीचे फर्मान काढले. पोप मरण पावल्यावर आधी कार्डिनल-बिशपांनी विचारविनिमय करावा, मग इतर कार्डिनलांना सोबत घ्यावे आणि उरलेले धर्मगुरू व जनता यांनी संमती द्यावी, असा क्रम ठरला. रोममध्ये लायक माणूस नसेल तर बाहेरचा चालेल. रोममध्ये मोकळेपणाने निवड करता येत नसेल तर ती अन्यत्र व्हावी. गादीवर बसण्याचा विधी लांबला, तरी निवडून आलेल्याला पूर्ण अधिकार असावेत. ही कलमे निकोलसच्या स्वतःच्या निवडीशी ताडून पाहिली, की त्यांचा उगम लगेच कळतो. तो रोमबाहेर निवडला गेला होता, दुसऱ्या शहराचा बिशप होता आणि रोमचा ताबा मिळवायला त्याला वेळ लागला होता. राजाचा मान राखावा, एवढे मोघम वाक्य फर्मानात राहिले. ते वाक्य सम्राटाच्या गटाला इतके अपुरे वाटले, की राजाला जास्त अधिकार देणारा फर्मानाचा फेरफार केलेला मसुदाही पुढे फिरू लागला.

कागदावरचा नियम लगेच अंगवळणी पडला नाही. १०७३ मध्ये खुद्द हिल्डेब्रांडला रोमच्या जमावाने जयघोषात पोप केले, म्हणजे फर्मानातला क्रम बाजूलाच राहिला. सातवा ग्रेगरी या नावाने त्याने बिशपांच्या नेमणुकीवरून चौथ्या हेन्रीशी जो संघर्ष केला, त्यात जानेवारी १०७७ मध्ये राजाला कानोसाच्या गढीबाहेर बर्फात क्षमायाचना करावी लागली. तो वाद मिटायला ११२२ चा वर्म्सचा करार उजाडला.

दोन-तृतीयांश कशासाठी?

१०५९ च्या फर्मानात एक मोठी फट होती. कार्डिनलांतच फूट पडली तर काय करायचे, ते त्यात नव्हते. ११३० मध्ये नेमके तेच झाले. काहींनी दुसऱ्या इनोसंटला, तर बहुसंख्य कार्डिनलांनी दुसऱ्या अनाक्लेटसला निवडले. इनोसंटचे पाठीराखे म्हणत, की मते मोजू नका, मत देणाऱ्यांची योग्यता पाहा. आठ वर्षे हा तंटा चालला. ११५९ मध्ये तिसरा अलेक्झांडर निवडला जात असताना प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियनने पोपचा झगाच हिसकावून अंगावर चढवला. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ऑक्टेव्हियनची बाजू घेतली आणि फूट ११७७ पर्यंत भरून आली नाही.

या अनुभवाने पोळलेल्या अलेक्झांडरने ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मसभेत नियम घातला: सर्व कार्डिनलांचे मत सारखे आणि निवडीला दोन-तृतीयांश मते आवश्यक. त्यामागचा विचार फार खोल आहे. एखाद्या बिशपच्या निवडीवरून वाद झाला, तर वरिष्ठाकडे दाद मागता येते. पोपच्या वर कोणी वरिष्ठच नाही. म्हणून वादाला जागाच उरू नये, इतके स्पष्ट बहुमत हवे. योग्य कोण, या न संपणाऱ्या भांडणाची जागा आकड्याने घेतली.

व्हितेर्बोचे छप्पर

पण मोठे बहुमत जमवायचे म्हणजे वेळ लागणार. नोव्हेंबर १२६८ मध्ये चौथा क्लेमंट व्हितेर्बो येथे वारला आणि फ्रेंच व इटालियन गटांत अडकलेल्या कार्डिनलांना जवळजवळ तीन वर्षे निर्णय घेता आला नाही. वैतागलेल्या नगराने त्यांना प्रासादात कोंडले, अन्न तोडले, छप्परही उतरवले. १२७० च्या जूनमधल्या कार्डिनलांच्या एका पत्रात त्या उघड्या प्रासादाचा उल्लेख आहे. अखेर सहा जणांच्या समितीने १ सप्टेंबर १२७१ रोजी तेदाल्दो व्हिस्कोंतीचे नाव ठरवले. तो कार्डिनल नव्हता आणि त्या वेळी दूर पूर्वेकडे अक्रा येथे होता.

हाच दहावा ग्रेगरी. व्हितेर्बोकरांनी रागाने जे केले, त्याचा त्याने १२७४ च्या ल्यों धर्मसभेत कायदा केला. दहा दिवस थांबून कार्डिनलांनी एकत्र बंद व्हावे, बाहेरच्यांशी बोलू नये. तीन दिवसांत निवड झाली नाही, तर दोन्ही वेळा एकेकच पदार्थ मिळावा. आणखी पाच दिवस गेले, तर फक्त भाकरी, पाणी आणि द्राक्षारस. त्या काळात त्यांचे उत्पन्नही बंद. जानेवारी १२७६ मध्ये अरेझ्झोला या नियमाने पहिली निवड झाली, ती एकाच दिवसात. त्याच वर्षी नियम गुंडाळला गेला आणि विलंब परतला. १२९२ ते १२९४ असा दोन वर्षांहून अधिक काळ गादी रिकामी राहिली. मग पाचव्या सेलेस्टिनने तो पुन्हा लागू केला आणि आठव्या बोनिफेसने १२९८ मध्ये चर्चच्या कायद्यात कायमचा घातला.

या वाटचालीची किंमतही सांगितली पाहिजे. प्राचीन काळी रोमचे धर्मगुरू आणि जनता आपला बिशप, म्हणजेच पोप, निवडत. जनतेचा आवाज आधी संमतीपुरता उरला आणि ११७९ च्या नियमात तोही दिसत नाही. शिवाय नियम स्वतः काहीच करत नाही. १३७८ मध्ये कार्डिनलांनी आपणच केलेली निवड नाकारली आणि चर्च सुमारे चाळीस वर्षे दुभंगले. तरी मला या इतिहासातून एक गोष्ट पक्की वाटते. संस्था केवळ सज्जन माणसाची वाट पाहून सुधारत नाही. सहाव्या ग्रेगरीची सचोटी व्यवहारात बुडाली आणि दुसऱ्या निकोलसचे फर्मान जवळजवळ हजार वर्षे पाया म्हणून टिकले. सुधारकांनी सद्गुणाला कार्यपद्धतीचे कुंपण घातले, हे त्यांचे खरे मोठेपण.

मे २०२५ मध्ये १३३ कार्डिनल सिस्टिन चॅपेलमध्ये बंद झाले, तेव्हा त्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव हेही होते. निवडीला ८९ मते हवी होती आणि चौदावे लिओ दुसऱ्याच दिवशी निवडून आले. कोणा सम्राटाची संमती लागली नाही, कोणा सरदाराची माणसे दाराशी उभी नव्हती आणि निकालावर कोणी दुसरा दावेदार उभा राहिला नाही. मतभेद असलेल्या माणसांना एकाच निकालापुढे मान तुकवायला लावणारी पद्धत घडवायला पिढ्या लागतात. ज्या कोणत्या संस्थेवर आपले प्रेम आहे, तिच्यासाठी हे कष्टाचे काम आपणही अंगावर घेतले पाहिजे.