तारेवरील योग्य दाब : पक्क्या सांध्याची पहिली अट

उसाच्या ट्रॉलीचा सांगाडा असो, शाळेच्या छपराच्या कैच्या असोत की शेतातील अवजार असो, त्यांची मजबुती लोखंडाइतकीच त्याच्या सांध्यांवर अवलंबून असते. हे सांधे जोडण्यासाठी राज्यातील अनेक लहानमोठ्या कारखान्यांत आज ‘मिग’ वेल्डिंगचा उपयोग करण्यात येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील संधाता व्यवसायाच्या प्रशिक्षणातही या पद्धतीचा समावेश आहे. मात्र या यंत्रातील तारेवर दाब देणारा लहानसा स्क्रू किती आवळावा, ही महत्त्वाची बाब पुष्कळदा अंदाजावरच सोपविली जाते.

तार हीच कांडी

अमेरिकेतील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये १९४८ साली ही पद्धत विकसित झाली. प्रारंभी तीत निष्क्रिय वायू वापरला जाई. १९५३ नंतर पोलादासाठी स्वस्त कार्बन डायऑक्साइडचा वापर सुरू झाला आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला. कारागीर तिला ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात, ते यामुळेच.

साध्या वेल्डिंगमध्ये कांडी संपली की कारागिराला ती बदलावी लागते. येथे कांडीची जागा रिळावर गुंडाळलेली बारीक तार घेते. दोन रोलरांच्या पकडीतून ही तार पुढे ढकलली जाते, केबलमधील लायनरमधून जाते आणि टॉर्चच्या तांब्याच्या टिपेतून बाहेर पडून कमानीत वितळते. या यंत्रात विद्युत्प्रवाह मुख्यतः तारेच्या वेगानुसार ठरतो. तार अडखळली की प्रवाह घटतो आणि धातू पुरेसा खोल मुरत नाही. वरून सांधा भरलेला दिसला, तरी आतून तो कच्चा राहण्याचा संभव असतो. असा सांधा कारखान्यात उघडा पडत नाही. भरल्या ट्रॉलीखाली, भर रस्त्यावर उघडा पडतो.

कमी दाब, जादा दाब

पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल असेल तर तो घसरतो आणि फाजील ताणला तर बेअरिंग खातो. रोलरांच्या दाबाचेही तसेच आहे. दाब कमी पडल्यास रोलर तारेवरून घसरतात, कमान अस्थिर होते आणि प्रसंगी तार मागे जळत जाऊन टिपेला चिकटते. दाब जास्त झाल्यास गोल तार चपटी होते. तिच्यावरील तांब्याच्या मुलाम्याचा चुरा लायनरमध्ये साचतो व चपटी तार टिपेत अडकते. अशा वेळी रोलर घसरले, तर नुकसान थोडक्यात टळते. परंतु फार आवळलेले रोलर तार ढकलीतच राहतात आणि रोलरांजवळ तारेचा गुंता होतो.

तार अडली की स्क्रू आणखी आवळावा, ही सर्वसाधारण प्रवृत्ती आहे. वस्तुतः बहुतेक वेळा दोष अन्यत्र असतो. म्हणून दाब हा सर्वांत शेवटी जुळवावा.

जुळवणीचा क्रम

प्रथम यंत्राचा वीजपुरवठा बंद करून रोलरची खाच तारेच्या जाडीशी जुळते किंवा नाही, हे पाहावे. ०.८ मिलिमीटर तारेसाठी १.२ मिलिमीटरची खाच चालत नाही. पोलादाच्या भरीव तारेला इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची आणि मऊ अ‍ॅल्युमिनियमला ‘यू’च्या आकाराची खाच लागते. फ्लक्स भरलेल्या पोकळ तारेला दातेरी रोलर व तुलनेने कमी दाब योग्य ठरतो. टिप झिजलेली नसावी, लायनर स्वच्छ असावा आणि केबलला तीव्र वळणे नसावीत.

त्यानंतर रिळाचा ब्रेक पाहावा. टॉर्चचा खटका सोडताच रीळ थांबले पाहिजे. ते फिरत राहून तार सैल पडत असेल, तर ब्रेक थोडा आवळावा. मात्र तो फाजील आवळल्यास रोलरांवरील भार विनाकारण वाढतो.

शेवटी रोलरांचा दाब सैल करून चाचणी घ्यावी. चाचणीपूर्वी हातमोजे व चष्मा घालावा आणि टॉर्च कोणाच्याही दिशेने धरू नये. खटका दाबताच अनेक यंत्रांत तारेत वीज येते. म्हणून तार जोडकामाच्या लोखंडापासून दूर ठेवावी. वीज न देता तार पुढे सरकविणारे बटण असल्यास तेच वापरावे. कोरड्या लाकडी ठोकळ्यापासून ५ ते ७ सेंटिमीटर अंतरावर टॉर्च तिरपी धरून तार सोडावी. तार ठोकळ्याला लागताच रोलर घसरले, तर स्क्रू थोडा थोडा आवळत जावा. तार न अडखळता वाकून वळत पुढे येऊ लागली, की तेथेच थांबावे. रोलरांतून बाहेर आलेल्या तारेवर खोल ओरखडे किंवा चपटेपणा दिसल्यास दाब कमी करावा. तारेची जाडी वा प्रकार बदलल्यावर ही चाचणी पुन्हा घेणे आवश्यक आहे.

या सर्व कामास काही मिनिटेच लागतात. त्यातून टिपा व तार वाचतेच. शिवाय त्या सांध्यावर विसंबून ओझे वाहणाऱ्यांची सुरक्षितताही साधते. घसरू न देण्याइतका आणि त्याहून अधिक नाही, इतकाच दाब, हे सूत्र प्रत्येक संधात्याने ध्यानी ठेवणे हिताचे ठरेल.