दर्या, दऱ्या आणि मोबाइलचा कळफलक

गेल्या वर्षी एम. ए.च्या वर्गाला मी एक प्रकल्प दिला होता. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचे, आता कानावर न पडणारे शब्द टिपून आणायचे आणि अर्थासह लिहायचे. इंदूरमधल्या मराठी घरांत असे शब्द अजून बरेच सापडतात. एका विद्यार्थिनीने आजीजवळ बसून मोबाइलवरच दीडशेच्या आसपास शब्द टिपले. वही वाचताना मात्र माझा विरस झाला. ‘बाळ’चे ‘बाल’, ‘होळी’ची ‘होली’, आणि डोंगराच्या ‘दऱ्या’ लिहायच्या तिथे ‘दर्या’, म्हणजे समुद्र! शाळा हिंदी माध्यमाची, ‘ळ’ सुटणारच, असे मनाशी म्हणत मी गुण कापले.

ती भेटायला आली. “मॅडम, मी ‘ळ’च टाइप केला होता. तो आपोआप बदलतो,” म्हणाली. मला ती सबब वाटली. मग तिने माझ्यासमोर ‘होळी’ लिहिले, जागा सोडण्याची कळ दाबली आणि शब्दाची ‘होली’ झाली. तिच्या मोबाइलवर कळफलक हिंदीचा होता. त्यामागचा शब्दकोशही हिंदी, आणि शब्द संपला की कोशातल्या जवळच्या शब्दाशी तो जुळवून टाकायचा, हे त्याचे काम. गुण मी दुरुस्त केले. पण अशी किती कापाकापी आपण आजवर केली असेल, हा विचार डोक्यातून जाईना. म्हणून या विषयाच्या थोडे खोलात गेले.

मोबाइलवर मराठी बिघडलेली दिसली, तर बिघाड तीन ठिकाणी असू शकतो : कळफलकाने सुचवलेल्या शब्दात, साठवलेल्या अक्षरात किंवा पडद्यावर उमटणाऱ्या आकारात. मजकूर दुसऱ्या, मराठीत लावलेल्या फोनवर पाठवून पाहावा. तिथेही चूक दिसली, तर ती लेखनातच गेली आहे. तिथे नीट दिसले, तर दोष पहिल्या फोनच्या पडद्याचा.

पहिला बिघाड सर्वांत सोपा. सेटिंग्जमध्ये भाषा व कळफलकाच्या विभागात जाऊन ‘मराठी (भारत)’ जोडावे आणि लिहिताना तोच कळफलक समोर आहे ना, हे पाहावे. २०१६च्या भारतीय मानकानुसार फोनवर २२ भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत, पण लिहिण्यासाठी इंग्रजी, हिंदी आणि आणखी एक भाषा एवढीच अट आहे. त्यामुळे मराठी असते, पण ती आपण होऊन पुढे येईलच असे नाही. बोलीभाषेतले शब्द टिपायचे असतील, तर आपोआप दुरुस्ती सरळ बंद करावी, कारण आजीचे शब्द मराठी कोशातही नसतात. नेहमी लागणारे शब्द वैयक्तिक शब्दकोशात घालता येतात. फोनने चुकीचा शब्द शिकून ठेवला असेल, तर अनेक कळफलकांत सुचवणीच्या पट्टीवर तो दाबून धरून काढून टाकता येतो. बोलून लिहिणाऱ्यांनी ध्वनिटंकनाची भाषा वेगळी तपासावी. ती हिंदी राहिली, तर यंत्र आपली मराठी ऐकून हिंदीसारखे काहीतरी लिहिते. आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना तर पट्टीवर डोळा ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. के, ए, एल, ए ही चार अक्षरे म्हणजे कला, कळा, काला की काळा, हे यंत्राने कसे ओळखावे?

दुसरा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त घातक. ‘दऱ्या’तला अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि मग ‘य’. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला, तर पुष्कळदा सापडत नाही. शब्दसंग्रहात याचा अर्थ तो शब्द असून नसल्यासारखा. ओळखायचे कसे? शब्दाच्या शेवटापासून एकेक चिन्ह खोडत यावे. ‘ऱ’ उरला तर पहिली रीत, नुसता ‘र’ उरला तर दुसरी. वर्गाने मिळून एकच रीत पाळावी, आणि ती पहिली असावी, असे माझे मत आहे. हिंदी कळफलकावरच काम भागवायचे असेल, तर र, नुक्ता, हलन्त, य या क्रमाने लिहावे. युनिकोडच्या लेखी नुक्त्याचा र आणि ‘ऱ’ एकच आहेत.

‘ॲ’चीही हीच गत. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवले जाई आणि ती सवय अजून आहे.

तिसरा बिघाड दिसायला मोठा, पण खरा निरुपद्रवी. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ठरवून दिले आहेत. हिंदीत त्यांचे वळण निराळे. मात्र साठवलेले अक्षर एकच असते. कोणते वळण काढायचे, हे फोनची भाषा आणि टंक मिळून ठरवतात. काही टंकांत दोन्ही वळणे असतात, काहींत एकच. तेव्हा हिंदी वळणाचा ‘ल’ दिसला म्हणून विद्यार्थ्याला बोल लावू नये.

माझ्या विद्यार्थिनीने कळफलक बदलला, पण जुनी यादी उरलीच. सरसकट ‘ल’चा ‘ळ’ करता येईना, कारण ‘वेल’ही खरा आणि ‘वेळ’ही. ती पुन्हा आजीजवळ बसली आणि एकेक शब्द विचारून घेतला. यादीत ‘माला’ असा एक शब्द होता. अर्थाच्या रकान्यात ‘घरातली’ एवढेच अर्धवट लिहिलेले, म्हणून मी तो देवघरातली फुलांची माळ समजून पुढे गेले होते. आजी म्हणाली, “अगं, माळा! जुन्या घरात लोणच्याच्या बरण्या ठेवायचो ना, तो.”