गुरुत्वाकर्षण आणि अनंताचा अडसर

इलेक्ट्रॉनचा विद्युत् भार किती, या प्रश्नाचे उत्तर तो किती जवळून मोजला यावर अवलंबून असते. निर्वातात क्षणभर उद्भवणाऱ्या कणयुग्मांचे आवरण त्याच्याभोवती असते. या आवरणात जसजसे खोल शिरावे, तसतसा भार वाढलेला आढळतो. अंतराबरोबर स्थिरांक कसे पालटतात हे सांगणाऱ्या गणिती पद्धतीस ‘पुनःप्रसामान्यीकरण गट’ म्हणतात. केनेथ विल्सन यांनी १९७१ साली तिला व्यापक रूप दिले.

विद्युत् चुंबकीय सिद्धांतात गणन करताना अनंत राशी उद्भवतात. परंतु त्या इलेक्ट्रॉनचे वस्तुमान व भार यांत सामावून घेता येतात. ही दोन मूल्ये प्रयोगाने ठरविली, की पुढील भाकिते निश्चित होतात. गुरुत्वाकर्षणास पुंज सिद्धांत लावल्यास मात्र हा उपाय चालत नाही. द्रव्यासह गुरुत्वाकर्षणाचा विचार करताना ही अडचण गणनाच्या पहिल्याच पायरीवर येते, हे ट हूफ्ट व व्हेल्टमन यांनी १९७४ साली दाखविले. द्रव्यविरहित गुरुत्वाकर्षणही दुसऱ्या पायरीवर त्यातून सुटत नाही, हे गोरॉफ व सान्योत्ती यांच्या १९८५ च्या गणनाने सिद्ध झाले. प्रत्येक पायरीवर नवा स्थिरांक मोजून घ्यावा लागला, तर मोजमापांना अंतच राहणार नाही. आणि ज्याला सारे आधी मोजावे लागते, तो सिद्धांत भाकीत कशाचे करणार?

यावर स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात एक मार्ग सुचविला. अंतर कमी कमी होत असता गुरुत्वाकर्षणाचे बल, योग्य एककांत, अमर्याद न वाढता एका ठराविक मूल्यावर स्थिरावत असेल, तर त्या मूल्यास ‘स्थिर बिंदू’ म्हणता येईल. त्या बिंदूपासून निघणाऱ्या वाटा मोजक्याच असतील, तर मोजमापेही मोजकीच पुरतील. या कल्पनेस ‘अनंतस्पर्शी सुरक्षितता’ असे नाव आहे.

मार्टिन रॉयटर यांनी १९९८ साली यासाठी उपयुक्त समीकरण मांडले. तेव्हापासून अनेक आसन्न गणनांत असा बिंदू आढळला आहे. याच विचारावरून शापोश्निकोव्ह व वेटरिख यांनी हिग्ज कणाचे वस्तुमान सुमारे १२६ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट असावे, असे अनुमान केले; २०१२ साली सापडलेल्या कणाचे वस्तुमान सुमारे १२५ भरले. हा मेळ लक्षणीय असला, तरी तो पुरावा नव्हे. कारण त्या अनुमानामागे अन्य गृहीतकेही होती. शिवाय समीकरणातील असंख्य पदांपैकी काहीच पदे गणनात घेता येतात, आणि बहुतेक गणनांत काळालाही अवकाशाच्याच मितीप्रमाणे वागवावे लागते. स्थिर बिंदू निसर्गातला, की गणिताच्या सोयीतून उपजलेला, याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.