उत्तर पाठ नको, बांधलेलं हवं

नोव्हेंबरअखेर 'कॅट'ची परीक्षा होते, डिसेंबरच्या उत्तरार्धात निकाल हातात येतो आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यवस्थापन संस्थांच्या मुलाखतींचा हंगाम सुरू होतो. महाराष्ट्रातल्या मुलांना त्यासाठी आता फार लांब जावं लागतंच असं नाही. नागपूरला 2015 मध्ये आयआयएम आली आणि मुंबईतली पवईची 'नीटी' 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. त्याच सुमारास कॉलेजांमधून नोकरीच्या मुलाखतीही चाललेल्या असतात. घरात वातावरण तंग असतं. आई देवापुढे दिवा लावते, वडील "धीट बोल, घाबरू नकोस" एवढंच सांगतात. पण धीट बोलायचं म्हणजे नेमकं काय बोलायचं, हे सहसा कोणी सांगत नाही. आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

मी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं कार्मिक विभागात काढली. नंतर काही वर्षं एका व्यवस्थापन संस्थेत प्रवेशाच्या मुलाखती घ्यायला बाहेरचा परीक्षक म्हणून जात असे. टेबलाच्या त्या बाजूला बसून मी हजारेक मुलं तरी पाहिली असतील. त्यातली एक मुलगी मी विसरू शकलेलो नाही.

गोष्ट 2007 सालची. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ती आली होती. आम्ही तिघे परीक्षक होतो. पहिला प्रश्न नेहमीचाच, "स्वतःबद्दल सांगा." तिनं नाव, गाव, शाळा, दहावीचे गुण, बारावीचे गुण, पदवीचे गुण सांगितले. हे सगळं आमच्या समोरच्या अर्जात होतंच. मी विचारलं, "तुमच्यात कोणते गुण आहेत?" ती पाठ केलेल्या इंग्रजीत म्हणाली, "मी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, सगळ्यांबरोबर मिळून काम करते." सकाळपासून हेच उत्तर आठव्यांदा ऐकत होतो. मी समोरच्या कागदावर दहापैकी चार लिहून मोकळा झालो.

आमच्यात बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. अर्ज चाळता चाळता त्या म्हणाल्या, "वडिलांचं किराणा दुकान आहे ना? दुकानात तुमच्यामुळे काही बदललं का कधी? मराठीत सांगितलंत तरी चालेल."

मुलगी क्षणभर थांबली आणि मग बोलू लागली. दुकानाची उधारी थकत चालली होती. चौऱ्याऐंशी हजार रुपये लोकांकडे अडकले होते. ठोक व्यापारी माल द्यायला कुरकुर करू लागला होता. वडिलांना मागायला संकोच वाटायचा. हिनं उधारीची वही घेतली आणि गिऱ्हाइकांचे पैसे कधी येतात त्याप्रमाणे तीन भाग पाडले. दूध घालणाऱ्यांना दर दहा दिवसांनी बिल मिळतं, मजुरांना आठवडी बाजाराच्या दिवशी पगार होतो आणि नोकरदारांना महिन्याच्या सुरुवातीला. तोपर्यंत वडील सगळ्यांकडे महिनाअखेरीला मागत. तेव्हा कोणाच्याच हातात काही नसायचं. हिनं मागण्याचे दिवस बदलले. ज्याचे पैसे ज्या दिवशी येतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे चिठ्ठी जायची. सहा महिन्यांत थकबाकी एकतीस हजारांवर आली. "दोन गिऱ्हाइकं मात्र रागावून तुटली, सर," ती म्हणाली. "त्यांना चिठ्ठीऐवजी समक्ष भेटायला हवं होतं."

खोलीत शांतता पसरली. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात आम्ही जे शिकवणार होतो त्यातलं बरंचसं ही मुलगी आधीच करून आली होती. मी चारावर काट मारून आठ लिहिले. तिला प्रवेश मिळाला.

त्या रात्री घरी आल्यावर मात्र मला आनंद झाला नाही. कारण तिच्या आधीच्या सात जणांनीही तसंच पाठ केलेलं उत्तर दिलं होतं आणि त्यांना कोणीच दुकानाबद्दल, शेतीबद्दल, घराबद्दल विचारलं नव्हतं. त्यांच्यातही कोणाकडे अशी वही असेल का? मला आजही ते ठाऊक नाही. दोष मुलांचा होता तसा माझाही होता. मी वाईट प्रश्न विचारले, त्यांनी वाईट उत्तरं दिली आणि भोगलं मात्र त्यांनी.

या प्रश्नावर जगात बराच विचार झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलासाठी वैमानिकांची निवड करणाऱ्यांत जॉन फ्लॅनागन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. माणूस चांगला की वाईट असं मोघम विचारण्यापेक्षा 'अमुक प्रसंगात त्यानं नेमकं काय केलं' हे विचारावं, ही पद्धत त्यांनी 1954 मध्ये सविस्तर मांडली. आज मुलाखतीत "असा एक प्रसंग सांगा" म्हणून जो प्रश्न येतो, त्याचं एक मूळ तिथे आहे. पुढे 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडीच्या पद्धतींवरची जुनी संशोधनं नव्यानं तपासली. सर्व उमेदवारांना ठरलेले प्रश्न विचारून ठरलेल्या मोजपट्टीनं गुण देणारी मुलाखत त्यांच्या यादीत सर्वांत वर आली. कामातल्या पुढच्या यशाशी तिचं नातं शून्य ते एक या पट्टीवर 0.42 निघालं. मनाला येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीचं नातं निघालं 0.19. मी 2007 मध्ये घेत होतो ती मुलाखत दुसऱ्या जातीची होती.

आपल्याकडे केंद्र सरकारनं 1 जानेवारी 2016 पासून कनिष्ठ पदांच्या भरतीतून मुलाखतच काढून टाकली. पण व्यवस्थापन संस्था आणि खासगी कंपन्या मुलाखत सोडणार नाहीत. समोरचा परीक्षक चांगला प्रश्न विचारेल याची खात्री उमेदवाराला देता येत नाही. म्हणून प्रश्न कसाही आला तरी आपली वही टेबलावर ठेवता आली पाहिजे. तयारी करायची ती एवढ्यासाठीच.

त्यासाठी उत्तराचे चार भाग पाडावेत. इंग्रजीत त्यांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला 'स्टार' म्हणतात. आपण परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम म्हणू. दुकानाच्या गोष्टीत चारही भाग आहेत. उधारी थकली आणि माल अडू लागला, ही परिस्थिती. वसुली मार्गी लावायची, पण गिऱ्हाईक तोडायचं नाही, ही जबाबदारी. वहीचे तीन भाग आणि चिठ्ठीचे दिवस, ही कृती. चौऱ्याऐंशीचे एकतीस, हा परिणाम. शेवटी तिनं आपणहून एक पाचवी गोष्ट जोडली. पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं करीन, हे सांगितलं. माझ्यावर सर्वांत जास्त परिणाम त्या वाक्याचा झाला.

असं उत्तर दोन मिनिटांत संपलं पाहिजे. बहुतेक मुलं दीड मिनिट परिस्थितीवरच घालवतात. गावाचं वर्णन होतं, स्नेहसंमेलनाचं वर्णन होतं आणि स्वतः काय केलं ते सांगायच्या आत परीक्षक घड्याळ पाहू लागतो. परिस्थिती दोन-तीन वाक्यांत, जबाबदारी एका वाक्यात, निम्म्याहून अधिक वेळ कृतीला आणि उरलेला परिणामाला, असा हिशेब ठेवावा.

इथे आपल्या मराठी मुलांची एक अडचण सांगतो. आपल्याला 'मी' म्हणायचा संकोच वाटतो. "आम्ही गणेशोत्सवात रक्तदान शिबिर घेतलं", "आम्ही प्रकल्प पूर्ण केला." हा चांगला संस्कार आहे, पण परीक्षकाला त्या 'आम्ही'तले तुम्ही कोणते हे कळत नाही. श्रेय सगळ्यांना द्या आणि आपला वाटा वेगळा सांगा. "शिबिर मंडळाचं होतं. रक्तपेढीशी बोलणं आणि दात्यांची यादी करणं माझ्याकडे होतं." यात बढाई कुठेच नाही, फक्त नेमकेपणा आहे.

आकडा दिलात तर त्याचा पायाही ठाऊक असू द्या. एकदा एक मुलगा म्हणाला, "माझ्यामुळे विक्री तीस टक्क्यांनी वाढली." मी विचारलं, "कशाच्या तीस टक्के?" त्याला सांगता येईना. दहा डब्यांचे तेरा डबे झाले असते तरी मला चाललं असतं. पण आकडा कोणाच्या तरी उत्तरातून उचललेला होता. खोटं पहिल्या प्रश्नात खपतं, दुसऱ्यात उघडं पडतं.

"एमबीए का करायचंय?" या प्रश्नालाही बांधणी लागते. आजवर काय केलं, ते करताना कुठे अडलो, ती अडचण या शिक्षणानं कशी सुटेल आणि हीच संस्था का, या क्रमानं बोला. "मला व्यक्तिमत्त्व घडवायचंय" म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न काय विचारावा हेच आम्हाला सुचत नाही. तसंच दोष विचारल्यावर "मी फारच काटेकोर आहे" असा गुणाचा वेश घेतलेला दोष सांगू नका. खरा, पण आवरता येण्यासारखा दोष सांगा आणि तो आवरायला काय करता तेही सांगा.

कधी कधी अंदाजाचे प्रश्न येतात. "तुमच्या गावात रोज किती वर्तमानपत्रं खपत असतील?" खरा आकडा कोणालाच नको असतो, पायऱ्या हव्या असतात. मोठ्यानं विचार करा. गावाची लोकसंख्या साठ हजार धरली, एका घरात पाच माणसं धरली, तर बारा हजार घरं झाली. चारातल्या एका घरात पेपर येतो असं मानलं तर तीन हजार झाले. दुकानं, कार्यालयं, वाचनालयं यांचे पाचशे मिळवले. म्हणजे साधारण साडेतीन हजार. यातलं प्रत्येक गृहीत परीक्षकाला ऐकू आलं पाहिजे. "चारातलं एक का?" असं त्यानं विचारलं तर भांडू नका, कारण सांगा. त्याचं कारण पटलं तर आकडा बदला.

आता तयारी कशी करायची? एक शंभर पानी वही घ्या. आयुष्यातले सहा-सात प्रसंग निवडा. एक यशाचा, एक अपयशाचा, एक भांडण मिटवल्याचा, एक पुढाकार घेतल्याचा, एक कमी वेळात किंवा कमी पैशांत निभावल्याचा, एक मत बदलल्याचा. प्रसंग मोठा असायची गरज नाही. शेतातली मोटार बंद पडली असेल, आजीला दवाखान्यात न्यावं लागलं असेल, कॉलेजच्या सहलीचा हिशेब चुकला असेल. प्रत्येक प्रसंगाला एक पान द्या आणि पानावर चार खाने आखा. खान्यात पूर्ण वाक्यं लिहू नका, फक्त शब्द आणि आकडे लिहा. पूर्ण वाक्यं लिहिलीत की ती पाठ होतात आणि एक शब्द विसरला की सगळी गाडी अडते.

मग ते कोणाला तरी मोठ्यानं सांगा. आरशापुढे नको, माणसापुढे. आईला सांगा, धाकट्या बहिणीला सांगा. त्यांनी "मग पुढे काय झालं?" असं विचारलं तर उत्तर जमलं. "म्हणजे तू नक्की काय केलंस?" असं विचारलं तर कृतीचा खाना पुन्हा भरा. इंग्रजीची भीती असेल तर प्रसंग आधी मराठीत नीट बांधा आणि मग लहान लहान, सोप्या इंग्रजी वाक्यांत आणा. मोडक्या इंग्रजीतली खरी गोष्ट ऐकायला परीक्षक तयार असतो. सफाईदार इंग्रजीतली रिकामी गोष्ट त्याला लगेच कंटाळवाणी होते.

शेवटचं सांगतो, आणि ते निवड न झालेल्यांसाठी आहे. मघाशी सांगितलेला आकडा आठवा. ठरलेल्या प्रश्नांची मुलाखतसुद्धा सरासरीनं 0.42 पर्यंतच पोचते. म्हणजे मुलाखत घेणारे आम्ही बरेचदा चुकतो. तेव्हा नकार आला तर तो तुमच्या लायकीवरचा निकाल समजू नका. त्या अर्ध्या तासात तुमची वही आमच्यापर्यंत पोचली नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

त्या दिवसानंतर मी संस्थेत हट्ट धरला. प्रत्येक उमेदवाराला तेच पाच प्रश्न विचारायचे आणि त्यातला एक असा, "घरच्या किंवा आसपासच्या एखाद्या कामात तुमच्यामुळे काय बदललं?" पुढच्या वर्षी त्या प्रश्नाला किती वेगवेगळी उत्तरं आली म्हणून सांगू! गोठा, पतपेढी, भजनी मंडळ, शिवणकाम, पाणीपट्टी. दर वेळी नवं उत्तर ऐकलं की मला आदल्या वर्षीचे ते सात जण आठवत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)