खडू उभा टिकतो, आडवा मोडतो

जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत बंगल्यांच्या पोर्चकडे नजर टाका. उभ्या पन्हळी पाडलेले, माथ्यावर नक्षी असलेले गोल खांब हमखास दिसतील. हा थाट मूळचा ग्रीकांचा. माथा साधा तो डोरिक, दोन्ही बाजूंना वळसे असतील तर आयोनिक आणि पानांचा गुच्छ असेल तर कोरिंथियन. ही नावे मुले पटकन पाठ करतात. पण ग्रीकांनी खांब इतके जवळजवळ का उभारले, हे विचारले की खरा तास सुरू होतो.

उत्तर खडूच्या डबीत आहे. खडूचे चार सारखे तुकडे उभे करून त्यांवर पुस्तके रचा. चांगला भार पेलतात. आता अख्खा खडू दोन डस्टरांवर आडवा ठेवून मधोमध दाबा. कट्‌कन मोडतो. वाकताना त्याची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. तडा खालून सुरू होतो. दगडाचेही असेच. दाब सोसतो, ताण सोसत नाही. दगडी तुळई लांब टाकावी तर मधे तडकण्याची भीती. म्हणून अथेन्सच्या पार्थेनॉनला (इ.स.पू. ४४७ ते ४३२) बाहेरच्या रांगेतच ४६ खांब लागले. प्रत्येक खांब सुमारे साडेदहा मीटर उंच आणि किंचित फुगीर. फुगवटा दोन सेंटीमीटरही नाही.

अजिंठ्याला सहल नेलीत तर दहाव्या लेण्यातले ३९ अष्टकोनी खांब जरूर दाखवा. ते कोणी उभारलेले नाहीत; डोंगर कोरताना शिल्लक ठेवले आहेत. जमीन, खांब, छत सगळा एकच काळा पाषाण. त्यामुळे एकावर एक दगड रचणाऱ्या ग्रीकांचे गणित इथे लागू पडत नाही.

ग्रीक घाट आपल्याकडे रुजला तो इंग्रजी अमदानीत. १८३३ साली पूर्ण झालेल्या मुंबईच्या टाउन हॉलच्या, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या, दर्शनी बाजूला आठ डोरिक खांब आहेत.

पुढे आरसीसी आले. दोन खांबांमधल्या तुळईत, जिथे खडूला तडा जातो नेमक्या त्या खालच्या अंगाला, सळया घातल्या जातात. ताण पोलाद घेते, दाब काँक्रीट. त्यामुळे खांब लांब-लांब ठेवता येतात. मग पोर्चमधला तो गोल खांब खरोखर भार उचलतो, की आतल्या चौकोनी खांबावर चढवलेले नुसते कवच आहे? मुलांना टिचकी मारून बघू द्या. पोकळ आवाज आला, तर ग्रीकांकडून आपण फक्त नक्षी घेतली.