मोठ्या गाडीकडे जाताना : एका वेळी एकच पायरी

लेखमाला : दोन चाकांचं शास्त्र (भाग ९)

टायर रस्ता कसा पकडतो, ते मागच्या भागात पाहिलं. ते समजलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. दीडशे सीसीची स्पोर्ट्स बाइक दोन-तीन वर्षं चालवून झाली, हात बसला, घाट ओळखीचे झाले. आता मोठी गाडी घ्यावी का? आणि घ्यायची तर किती मोठी?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जरूर घ्या. ताकदवान, नीट बांधलेली गाडी चालवण्याचा आनंद खरा आहे आणि त्यासाठी कुणापुढे सबबी सांगायची गरज नाही. पण एका वेळी एकच पायरी चढा, आणि चढण्याआधी स्वतःचा ब्रेक तपासा. हे का, ते आज सविस्तर पाहू.

आकडे नीट वाचूया

आपल्याकडे गाडीची ओळख सीसीवरून होते. चालवताना जाणवतं ते मात्र ताकद आणि वजन यांचं प्रमाण. यामाहाची आर१५ घ्या : १५५ सीसी, १८.४ पीएस, वजन साधारण १४२ किलो. तिच्या शेजारी केटीएमची २०२२ची आरसी ३९० ठेवा : ३७३ सीसी, ४३.५ पीएस, १७२ किलो. वजन ३० किलोंनी वाढलं, पण दर टनामागची ताकद १३० पीएसवरून २५०च्या वर गेली, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाली. थेट कावासाकी निंजा ६५०वर उडी मारली, तर ६८ पीएस आणि १९६ किलो या हिशेबाने तोच आकडा ३४७च्या आसपास जातो. मूळ गाडीच्या अडीच पटींहून जास्त.

त्याहून मोठा फरक टॉर्कचा. आर१५चा जास्तीत जास्त टॉर्क १४.२ न्यूटन-मीटर आहे आणि तो ७,५०० आरपीएमला मिळतो. आरसी ३९०चा आहे ३७, आणि तो ७,०००ला. लहान इंजिन पळवायचं तर गिअर पाडावा लागतो, रेव्ह वर न्यावे लागतात. आवाज चढतो, हँडलमध्ये कंप येतो, आपण जोरात चाललोय याची वर्दी शरीराला मिळत राहते. मोठ्या इंजिनात तिसऱ्या गिअरमध्ये मनगट जरासं फिरलं तरी गाडी झेपावते, आणि ११०चा वेग ७०सारखा शांत वाटतो. लहान गाडीवर अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत पिळायची सवय खपून जाते. मोठ्या गाडीवर हीच सवय पहिल्याच ओल्या रस्त्यावर, झेब्रा क्रॉसिंगच्या गुळगुळीत पट्ट्यांवर अंगाशी येते.

वेग दुप्पट, हिशेब चौपट

ताकद वाढली की वेग वाढतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, याचा मात्र विसर पडतो. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लावला असं धरू. ताशी ६० किलोमीटरवरून थांबायला सुमारे २० मीटर लागतात, १२०वरून ८०. त्याआधी धोका दिसून बोटं लिव्हरवर दाबेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात ६०च्या वेगाने गाडी साधारण १७ मीटर पुढे गेलेली असते, १२०ने ३३ मीटर. एकूण अंतर पहिल्या वेळी ३७ मीटर, दुसऱ्या वेळी ११३. गाडी बदलली म्हणून हे गणित बदलत नाही. आरसी ३९०चा पुढचा डिस्क मोठा आहे, ३२० मिलिमीटरचा. पण पकड शेवटी टायरची आणि रस्त्याची.

वळणाचंही तसंच. ५० मीटर त्रिज्येचं वळण ४०च्या वेगाने घ्यायला गाडी जेमतेम १४ अंश झुकवावी लागते. ६०ला सुमारे ३० अंश. ८०ला ४५. पंचेचाळीस अंश झुकायचं तर स्वच्छ, कोरडं डांबर आणि गरम झालेले उत्तम टायर हवेत. ताम्हिणीत किंवा आंबोलीत वळणाच्या पोटात कातळावरून आलेली बारीक खडी असते, ट्रकमधून सांडलेल्या डिझेलचा ओघळ असतो, पावसाळ्यात कडेला शेवाळ असतं. तिथे ३० अंशसुद्धा पुष्कळ झाले. मोठं इंजिन दोन वळणांमधल्या सरळ पट्ट्यात वेग इतक्या लवकर वाढवतं की पुढच्या वळणाशी आपण ६०ऐवजी ८०ने पोहोचतो. गडबड सुरू होते ती तिथे.

युरोपातली शिडी आणि बारामतीची गाडी

युरोपीय संघाने ही पायरी कायद्यातच बसवली आहे. तिथे मोटरसायकलच्या परवान्याचे टप्पे आहेत. पहिला १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत. दुसरा ३५ किलोवॅटपर्यंत. त्यात वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. त्यानंतर खुला परवाना. दुसऱ्या टप्प्यावर दोन वर्षं काढलेल्याला तो विसाव्या वर्षी मिळू शकतो, थेट घ्यायचा तर सर्वसाधारणपणे चोवीस वर्षं पूर्ण लागतात.

या नियमाचा ठसा आपल्या दारातल्या गाडीवर आहे. एप्रिलिया आरएस ४५७ बारामतीला पियाजिओच्या कारखान्यात बनते. तिची ताकद ४७.६ पीएस, म्हणजे बरोबर ३५ किलोवॅट. वजन १७५ किलो. पस्तीसला एकशे पंचाहत्तरने भागा, नेमकं ०.२ येतं. ही गाडी त्या दुसऱ्या पायरीचं माप घेऊनच बेतलेली आहे. तीनशे-चारशे सीसीच्या जगभरातल्या स्पोर्ट्स बाइक याच पायरीच्या आसपास दाटीने उभ्या दिसतात, त्याचं एक मोठं कारण हाच नियम आहे.

आपल्याकडे अशी शिडी नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली, गिअरच्या मोटरसायकलचा परवाना हातात आला, की त्याच परवान्यावर शंभर सीसीची गाडीही चालते आणि दोनशे पीएसची लीटर क्लास बाइकही. कायदा थांबवत नाही, शोरूम थांबवत नाही, हप्ता बसत असेल तर बँकही थांबवत नाही. म्हणून थांबायची जबाबदारी आपली. दीडशेवरून आलेल्यासाठी ४० ते ४८ पीएस ही दुसरी पायरी मला योग्य वाटते. शिवाय मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. आपलं फिरणं जुन्या महामार्गावर आणि घाटांत. तिथे एवढी ताकद वर्षानुवर्षं पुरून उरते.

तयारी कशी ओळखावी

वर्षं मोजू नका, कौशल्य मोजा. पहिली कसोटी ब्रेकची, आणि ती सध्याच्याच गाडीवर द्यायची. रिकामी, कोरडी, सपाट जागा शोधा. पूर्ण रायडिंग गिअर अंगावर घालून, ५०च्या वेगाने या. अ‍ॅक्सिलरेटर बंद करा आणि पुढच्या ब्रेकची लिव्हर दोन बोटांनी आधी फक्त ढिलाई संपेपर्यंत ओढा. फोर्क दबू लागतो, वजन पुढच्या चाकावर येतं, टायर डांबरात रुततो. आता बोटांचा जोर वाढवत न्या. पहिल्याच क्षणी गच्च दाबलं, तर वजन पुढे यायच्या आत चाक लॉक होऊ पाहतं. गुडघ्यांनी टाकी पकडून धरा, नाहीतर अख्खं शरीर मनगटांवर येऊन पडतं. नजर दूर, चाकापुढच्या डांबरावर नाही. लिव्हरमध्ये एबीएसची थरथर जाणवली तरी बोटं सोडायची नाहीत. जोर कमी करायचा तो गाडी थांबता थांबता, शेवटच्या मीटरभरात. हे न कचरता, पुन्हा पुन्हा, त्याच अंतरात जमलं पाहिजे.

दुसरी कसोटी वळणाची. वेग आणि गिअर वळणाआधी ठरतो का? वळणात शिरल्यावर नजर बाहेर पडण्याच्या टोकाकडे जाते का? मध्येच दचकून ब्रेक ओढला जात असेल, तर अजून थांबा. तिसरी गिअर पाडण्याची : दोन गिअर खाली आणताना मागचं चाक उडतं की गाडी गुळगुळीत उतरते? नव्या गाड्यांतला स्लिपर क्लच बऱ्याच चुका पोटात घालतो. ट्रॅक्शन कंट्रोल आणि वळणात काम करणारं एबीएसही मदतीला असतं. पण वळणात जास्त वेगाने शिरलेल्या गाडीला कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स त्रिज्या वाढवून देत नाही.

जमलं तर ट्रॅकवर एखादा प्रशिक्षणाचा दिवस घ्या. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइंबतूरच्या कारी स्पीडवेला असे वर्ग भरतात. समोरून वाहन येण्याची भीती नसते, त्यामुळे चुकांमधून शिकता येतं. गाडीच्या किमतीपुढे ही फी किरकोळ आहे.

खिशाची बाजू

ऑन रोड किमतीवर गणित संपत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाड्यांवर ४०. २०२२मध्ये ठरलेल्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा मूळ हप्ता १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि ३५०च्या वर २,८०४. मऊ रबराचे रुंद टायर लवकर झिजतात, चेन-स्प्रॉकेट महाग पडतं, पेट्रोल जास्त लागतं. बजेट बसवताना चांगलं हेल्मेट, पाठीला आणि खांद्यांना संरक्षण देणारं जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट आधी लिहा, गाडी नंतर. एवढं केल्यावर पैसे अपुरे पडत असतील, तर एक इयत्ता खालची गाडी घ्या.

जुनी घेत असाल तर चकाकणाऱ्या फेअरिंगवर भाळू नका. तिथला ओरखडा रंगवता येतो. ब्रेक-क्लच लिव्हरची टोकं, हँडलच्या बारची टोकं आणि फूटपेगच्या कडा पाहा. घासलेल्या असतील तर गाडी पडली आहे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून फ्रेमवरचे अडथळे तपासा. ते चेपलेले असतील तर मार जोराचा बसला आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवर तेलाची रिंग दिसली तर सील गेलं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते पाहिले की टायर कधीचा आहे ते कळतं.

गाडी घरी आली की पहिले काही आठवडे ओळखीच्याच रस्त्यावर काढा. नव्या टायरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत झुकवणं हळूहळू वाढवा. पावसाचा मोड असेल तर सुरुवातीला बेधडक वापरा, त्यात कमीपणा नाही. आणि ब्रेकची कसोटी नव्या गाडीवर पुन्हा द्या, कारण लिव्हर वेगळी, वजन वेगळं, थांबण्याची लयही वेगळी. ती लय हाताला समजली की मगच पुढची ताकद वापरायला काढा. ज्याला आपली गाडी कुठे थांबेल हे अचूक ठाऊक आहे, त्यालाच तिच्या वेगाचा निर्धास्त आनंद घेता येतो.

पुढच्या भागात सस्पेन्शन : आपल्या वजनाप्रमाणे सॅग कसा बसवायचा आणि घाटासाठी प्रीलोड किती ठेवायचा.